चाकाआधी कुदळ

पुण्यातल्या ज्या टेकडीवर मी डोंगरात सायकल चालवायला शिकलो, तिच्या दक्षिण उतारावर एक पायवाट आहे. अकरा वर्षांपूर्वी ती एका माणसापुरती होती. दोन्ही बाजूंचं कुसळी गवत पोटऱ्यांना लागायचं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि दोन मित्र मोजपट्टी घेऊन तिथे गेलो. सगळ्यात रुंद जागी वाट साडेतीन मीटर भरली आणि मधली घळ माझ्या गुडघ्याच्या वर आली. मुरूम संपून काळा खडक उघडा पडलाय. वरची माती खालच्या नाल्यात गेली, ती आता आपल्या हयातीत परत येणार नाही.

या घळीला जबाबदार कोण, यावर टेकडीवर रोज सकाळी वाद होतो. फिरायला येणारे काका म्हणतात, सायकलवाल्यांनी टेकडी पोखरली. सायकलवाले म्हणतात, काका, चिखल चुकवायला तुम्ही कडेकडेनं चालता म्हणून वाट पसरते. रखवालदार मामा दोघांनाही हटकतात, आणि दुसऱ्या दिवशी दोघंही परत हजर असतात. प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. घळ मात्र दर पावसाळ्यात आणखी खोल जाते.

टेकड्यांवर आणि सह्याद्रीत सायकल चालवू द्यावी की नाही, अशी चर्चा आपल्याकडे होते. मला वाटतं हा प्रश्न आपण उलट्या टोकानं धरलाय. ही वाट राखणार कोण, हे आधी ठरायला हवं. वनखातं, महापालिका, चालणारे, पक्षी बघणारे, गुरं चारणारे आणि सायकलस्वार यांनी एकत्र बसून, कागदावर उतरवून वाट सांभाळली तरच ती टिकेल. आणि या कामात पहिली कुदळ आम्हा सायकलस्वारांनी उचलायला हवी, कारण नवा हक्क आम्ही मागतोय.

कुदळ का, ते सांगतो. डोंगरातली वाट मरते ती पाण्यानं. उतारावर तांब्याभर पाणी ओतलं तर ते ज्या रेषेनं खाली जाईल, नेमकी त्या रेषेवर वाट पडली की पहिल्या जोरदार पावसात तिचा ओहोळ होतो. मग तिच्यावरून माणूस चालो, बैल चालो की सायकल जावो. आपल्या टेकड्यांवरच्या बहुतेक वाटा अशाच सरळ खाली उतरणाऱ्या आहेत. त्या कुणी आखल्या नाहीत, घाईनं चालणाऱ्या पावलांनी पाडल्या. जगभर ट्रेल बांधणारे लोक यावर काही साधे नियम पाळतात. वाटेचा चढ त्या जागच्या डोंगरउताराच्या निम्म्याहून कमी ठेवायचा. संपूर्ण वाटेची सरासरी काढली तर शंभर मीटर अंतराला दहा मीटरपेक्षा जास्त चढ नको. वाटेचा दरीकडचा काठ किंचित खाली झुकलेला ठेवायचा, म्हणजे पाणी वाटेवरून आडवं निघून जातं. आणि ठरावीक अंतरावर उतरती वाट चार पावलं पुन्हा चढवायची, म्हणजे तोवर जमलेलं पाणी तिथेच बाहेर पडतं. या शेवटच्या युक्तीनं सायकलवाल्यालाही मजा येते आणि वेगही आपोआप आवरतो.

महाराष्ट्राला यात नवीन काय आहे? समतल रेषा आखणं, वाहतं पाणी अडवणं, जिरवणं हे इथल्या दुष्काळी गावांनी स्वतःच्या हातांनी केलंय. २०१६ साली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली. तेव्हा आणि नंतरच्या वर्षांत किती तरी गावकऱ्यांनी आणि शहरातून गेलेल्या पोरापोरींनी उन्हात उभं राहून सलग समतल चर खोदले. ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराची साधी चौकट, लावून उतार कसा मापायचा हे ज्यांना कळलं, त्यांना वाट आखायला शिकवणं अवघड नाही. फरक इतकाच की चरात पाणी थांबवायचं असतं आणि वाटेवरून ते घालवायचं असतं. श्रमदान हा शब्दही आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आता चाकाच्या दोषाबद्दल. सायकलमुळे पायांपेक्षा फार जास्त झीज होते, असं सरसकट गृहीत धरलं जातं. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात विल्सन आणि सिनी या दोन संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घोडा, पायी चालणारा, मोटरसायकल आणि सायकल यांची तुलना केली होती. आधी भिजवलेल्या वाटेवर खुरांनी आणि पावलांनी चाकांपेक्षा जास्त माती मोकळी केली, असं त्यांना आढळलं. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात २००१ साली झालेल्या एका अभ्यासात गवत-माती तुडवण्याच्या बाबतीत चालणारे आणि सायकलवाले यांच्यात लक्षणीय फरक दिसला नव्हता. आमच्या गटात हे निष्कर्ष मोठ्या उत्साहानं पाठवले जातात. पण ते ढालीसारखे वापरणं मला प्रामाणिक वाटत नाही. मागचं चाक लॉक करून स्किड मारणारा सायकलस्वार एका वळणावर काय करतो, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सायकलस्वार एका सकाळी चालणाऱ्याच्या कितीतरी पट अंतर तुडवतो, हेही खरं. शिवाय भीती नावाची झीज कुठल्याच अभ्यासात मोजली जात नाही. पाठीमागून अचानक घंटी न वाजवता आलेली सायकल सत्तरीच्या आजींना त्या वाटेवरून कायमची घालवू शकते. माती दहा वर्षांनी वाहून जाईल, आजी त्याच दिवशी जातात.

मग बंदीच का नको? कारण बंदीचा प्रयोग या खेळाच्या जन्मगावीच होऊन गेलाय. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७६ साली काही तरुणांनी जुन्या जाडजूड सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावल्या. त्या शर्यतीचं नाव रीपॅक पडलं, कारण एका उतरणीत हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक वेळी ते नव्यानं भरावं लागायचं. तिथूनच माउंटन बाइक जगभर गेली. आणि त्याच परिसरात, माउंट टॅमलपायसच्या अरुंद पायवाटांवर पुढे सायकलींना मज्जाव झाला. रुंद वनरस्त्यांवर ताशी १५ मैल आणि आंधळ्या वळणावर ५ मैल अशी वेगमर्यादा आली, ती पकडायला रडार गन घेऊन रेंजर उभे राहिले. यातून वाटा वाचल्या का? रात्रीच्या सायकली सुरू झाल्या, झाडीत चोरवाटा पडल्या. चालणारे आणि चालवणारे यांच्यात तिथे जी कटुता आली, ती दोन पिढ्या झाल्या तरी संपलेली नाही. चोरवाट ही सगळ्यात वाईट वाट असते. ती लपवायची म्हणून आडबाजूला, पक्ष्यांच्या घरट्यांजवळून जाते, आणि ती दुरुस्त करायला उजेडी कुणी येत नाही. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाच सायकल क्लबांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय माउंटन बाइक संघटना काढली, ती या भांडणाच्या राखेतूनच. त्यांनी दोन कामं हाती घेतली: आपल्याच लोकांना वाटेवरची शिस्त शिकवायची, आणि फावडं घेऊन वनाधिकाऱ्यांच्या दारात जायचं. तक्रारीचा कागद नेणारा आणि फावडं नेणारा यांच्याकडे अधिकारी वेगळ्या नजरेनं बघतो, हा त्यांचा अनुभव मला महत्त्वाचा वाटतो.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते व्हरमाँटनं. अमेरिकेच्या ईशान्य टोकाचं हे छोटं राज्य. तिथल्या ईस्ट बर्क गावाभोवती १९९४ साली 'किंगडम ट्रेल्स' ही ना-नफा संस्था उभी राहिली. तिच्या देखरेखीखाली आज १०० मैलांहून अधिक, म्हणजे १६० किलोमीटरच्या वर वाटा आहेत. त्या बहुतेक सगळ्या शंभरेक खासगी मालकांच्या कुरणांतून आणि जंगलांतून जातात. मालक आपखुशीनं वाट देतात. पैसे न घेता जमीन फिरायला खुली ठेवली आणि तिथे कुणी पडलं, तर मालकाच्या गळ्यात सहसा दावा पडत नाही, असं संरक्षण त्या राज्याच्या कायद्यानं दिलंय. सायकलस्वार संस्थेकडून पास घेतो आणि तो पैसा वाटांच्या देखभालीवर जातो. वसंतात बर्फ वितळतं, जमीन लिबलिबीत होते. त्या दिवसांना तिकडे चिखलाचा ऋतूच म्हणतात. तेव्हा वाटा बंद ठेवतात आणि लोक ते ऐकतात. एक निवांत खेडं या वाटांमुळे देशभरातल्या सायकलस्वारांचं ठिकाण झालं.

आणि मग २०१९ च्या डिसेंबरात डार्लिंग हिल नावाच्या टेकाडावरच्या तीन मालकांनी सांगितलं, यापुढे आमच्या जमिनीवर सायकली नकोत. कारण गर्दी, आणि काही सायकलस्वारांचं उद्धट वागणं. जाळ्यातल्या अतिशय आवडत्या वाटा त्यात होत्या. पंचवीस वर्षं जपलेली घडी तीन माणसांच्या नकारानं विस्कटली. ती माणसं वाईट नव्हती. उलट इतकी वर्षं त्यांनी परक्या लोकांना आपल्या अंगणातून जाऊ दिलं होतं. संस्थेचं नाव, पैसा, प्रसिद्धी सगळं वाढत असताना अंगणातला त्रास किती वाढलाय, हे वेळेत पुरेसं ऐकलं गेलं नाही.

ही गोष्ट मी आमच्या गटात सांगतो तेव्हा कुणी तरी म्हणतं, ते अमेरिकेतलं, आपल्याकडे सरकारी जमीन आहे. मला वाटतं आपली अवस्था त्याहून नाजूक आहे. पुण्याच्या टेकड्यांच्या जमिनीला एक मालक नाही. कुठे वनखातं, कुठे महापालिका, कुठे संस्था, कुठे खासगी सातबारा, आणि हद्द कुठे बदलते ते वाटेवरून चालणाऱ्याला कळतही नाही. राखीव वनात विनापरवाना शिरणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. म्हणजे व्हरमाँटच्या सायकलस्वाराकडे निदान मालकाचा होकार तरी होता. आम्ही अनेक ठिकाणी केवळ कुणाच्या तरी काणाडोळ्यावर चाकं फिरवतोय. हा काणाडोळा उद्या थांबला तर दाद मागायला आमच्या हातात काही नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही अकरा जण या घळीवर काम करायचं म्हणून एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो होतो. टिकाव, फावडी, घमेली आमची, मजुरी आमची, फक्त परवानगी द्या. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तुम्ही आज खोदाल, उद्या कोणी पडला तर सही माझी असेल.’ मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्यांचा प्रश्न रास्त होता आणि उत्तर आमच्याकडे नव्हतं. आम्ही एक व्हॉट्सॲप गट होतो. नोंदणी नाही, विमा नाही, पुढच्या वर्षी कोण असेल याची हमी नाही. सही मागायला जाणाऱ्याकडे जबाबदारी घेणारं नाव तरी हवं.

अशी व्यवस्था आपल्याकडे शून्यातून उभी करावी लागणार नाही. १९९० मध्ये केंद्रानं परिपत्रक काढलं आणि १९९२ पासून महाराष्ट्रात संयुक्त वनव्यवस्थापन आलं. गाव आणि वनखातं मिळून जंगल सांभाळतील, हा त्यामागचा विचार. सगळीकडे ते जमलं असं मी म्हणणार नाही. अनेक समित्या कागदावरच राहिल्या. पण साताऱ्याजवळचं कास पठार बघा. २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्यावर तिथे फुलांच्या हंगामात गाड्यांची रांग लागायला लागली. भोवतालच्या गावांच्या समित्यांनी वनखात्यासोबत तिथे शुल्क, वाहनतळ, मार्गदर्शक आणि दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा अशी घडी बसवली. गावातल्या मुलांना हंगामात काम मिळालं. पुढे कुंपणामुळे गुरांचं चरणं थांबलं आणि गवताचा, फुलांचा तोल बिघडतोय, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आणि कुंपणाचा फेरविचार झाला. मला हा भागच सगळ्यात आश्वासक वाटतो. चूक झाली, ती बोलली गेली, बदल करता आला. एकट्या खात्याचा फतवा असता तर हे घडणं अवघड होतं.

सह्याद्रीतल्या गावांच्या बाबतीत मला आमच्या लोकांना जरा कठोरपणे बोलायचं आहे. शनिवारी पहाटे गाड्यांच्या टपावर सायकली लादून आपण एखाद्या वाडीत पोचतो, कुणाच्या तरी खळ्यात गाडी लावतो आणि ढोरवाटेनं सुटतो. ती वाट गुरांची असते, पाणी आणणाऱ्या बायकांची असते, शाळेत जाणाऱ्या पोरांची असते. तिच्यावर आपण ‘नवीन ट्रेल सापडला’ म्हणून मार्ग नोंदवून जगाला वाटतो. सापडला? ती वाट कुणाच्या पणज्यानं पाडलीय. नाणेघाटात सातवाहनांच्या काळातली पाण्याची टाकी आहेत, आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही वाट फुकट चालत नव्हती. वाटसरूची तहान कुणी तरी बघत होतं आणि वाटेचा खर्च कुणी तरी भरत होतं. वाडीतल्या वडीलधाऱ्यांना विचारणं, कापणीच्या दिवसांत येऊ नका म्हटलं तर न येणं, जेवण तिथेच घेणं, आणि वाट खचली तर त्यांच्यासोबत बांधून देणं, ही पुढची पायरी नाही, ही पहिलीच पायरी आहे.

माझ्याशी असहमत असणाऱ्यांत मला सगळ्यात जास्त आदर पक्षी आणि गवत अभ्यासणाऱ्यांचा वाटतो. ते म्हणतात, शहरात टेकडी हा शेवटचा मोकळा श्वास आहे, तिथे चालण्याशिवाय काहीच नको. टिटवी आणि चंडोल जमिनीवर घरटी करतात. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या परदेशी झाडाच्या लागवडीनं आधीच मूळचं गवत मागे हटलंय, त्यात आणखी वाटांचं जाळं नको. मी याच्याशी जवळजवळ पूर्ण सहमत आहे. म्हणूनच माझी मागणी नव्या वाटांची नाही. आज एकेका उतारावर पाच-पाच समांतर वाटा आहेत. त्यांतली एक नीट आखून बांधायची आणि उरलेल्या चार काटेरी फांद्या टाकून, गवताचं बी पेरून बंद करायच्या. कुठल्या चार, हे पक्षीवाल्यांनी ठरवावं. काही उतार पूर्णपणे चाकांसाठी बंद झाले, आणि त्यात माझा आवडता उतार गेला, तरी मी तो मान्य करीन. हे एकट्यानं लिहिणं सोपं आहे. गटातल्या पंचवीस वर्षांच्या मुलाला पटवणं कठीण आहे. पण तो मुलगा त्या बैठकीत बसलेला असेल, त्यानं घरटं बघितलेलं असेल, तर पटतं. मला हे दोनदा घडताना दिसलंय.

दुसरी भीती माझी स्वतःचीच आहे. ‘विकास’ हा शब्द आला की टेकडीवर पेव्हर ब्लॉक येतात. सिमेंटच्या पायऱ्या, रेलिंग, कमान, कोनशिला. मातीची वाट सांभाळायला फार पैसे लागत नाहीत, दरवर्षी हात लागतात, आणि निविदा हातांची निघत नाही. म्हणून करारात पहिल्याच पानावर लिहिलेलं हवं की इथे सिमेंट, डांबर आणि ब्लॉक येणार नाहीत, जागचा दगड आणि जागचीच माती वापरली जाईल. कॅनडात व्हँकूवरच्या उत्तरेकडच्या डोंगरांत सायकल संघटना एकेक वाट दत्तक देते. दुकान, कंपनी किंवा मित्रांचा गट वर्षाचा खर्च उचलतो, जाणता माणूस काम आखतो आणि दत्तक घेणारे स्वतः येऊन खोदतात. पुण्यात इतक्या आयटी कंपन्या आहेत, त्यांचे किती तरी लोक शनिवारी याच वाटांवर असतात. झाडं लावून फोटो काढून जाण्यापेक्षा त्यांनी एका वाटेचे तीनशे मीटर पाच वर्षं सांभाळावेत.

आम्ही आता संस्था म्हणून नोंदणी केलीय आणि विम्याची चौकशी चालू आहे. सकाळच्या वादातले एक निवृत्त अभियंते काका आमच्या सोबत आलेत. धरणांच्या कामावर त्यांनी आयुष्य काढलं. आमच्या आखणीतल्या तीन चुका त्यांनी पहिल्याच फेरीत दाखवल्या. या वेळी अर्जावर सायकलवाल्यांच्या सह्यांसोबत चालणाऱ्यांच्या आणि दोन पक्षी अभ्यासकांच्या सह्या आहेत. मागणी एकाच उताराची आहे, त्याच दक्षिणेकडच्या. त्यात आम्ही लिहून दिलंय की पहिल्या पावसापासून दसऱ्यापर्यंत, आणि पाऊस लांबला तर माती सुकेपर्यंत, आमची सायकल त्या वाटेवर येणार नाही, आणि जो आमच्यातला येईल त्याचं नाव आम्हीच कळवू. परवानगी येईल न येईल, जूनपासून हा शब्द आम्ही पाळायला सुरुवात करणार आहोत. घळीच्या पाच ठिकाणी खडकावर रंगाची खूण केलीय आणि आजची खोली वहीत मांडून ठेवलीय: वरून तिसऱ्या खुणेपाशी ती ५४ सेंटिमीटर आहे. पाऊस संपला की काका आणि मी मोजपट्टी घेऊन पुन्हा जाणार आहोत.